पांढरीची माती
वऱ्हाडातल्या गढ्यांवरील लेखसंग्रहाची प्रस्तावना

गढीची उंची मोजायला आम्ही टेप काढला, तेव्हा पारावर बसलेले एक आजोबा हसले. ‘‘उंची काय मोजता भाऊ, इथून ट्राल्या किती गेल्या थे मोजा.’’ बोलणे थट्टेचे, पण हिशेब खरा होता. समोरच्या टेकाडाची एक बाजू थेट खालपर्यंत कापून नेलेली होती. कापलेल्या उभ्या अंगात मातीचे थर, राखेच्या रेघा, खापरांचे तुकडे आणि कुण्या जनावराचे हाड एकावर एक दिसत होते. गेलेली माती आसपासच्या वावरांत खत म्हणून पडली होती. शेकडो वर्षे माणसे, गुरे आणि चुली जिथे नांदल्या त्या जागेची माती कसदार असते, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

हे पुस्तक अशा गढ्यांविषयी आहे आणि त्याचे बरेचसे काम मेडशीत बसून झाले आहे. अकोला-वाशीम रस्त्यावरचा एक थांबा, एवढीच मेडशीची ओळख पुष्कळांना असते. पातूर सोडले की रस्ता घाट चढतो, दोन्ही अंगांना सागाचे रान लागते आणि मालेगावच्या अलीकडे मेडशी येते. जुन्या कागदांच्या भाषेत पातुराच्या खालचा मुलूख म्हणजे पयनघाट, पूर्णेचे सपाट काळे खोरे. वर आलात की बालाघाट. मेडशी या दोहोंच्या उंबऱ्यावर आहे. खाली बाळापूर आणि अकोला, वर शिरपूर, रिसोड, वाशीम, आणखी पश्चिमेला मेहकर आणि सिंदखेडराजा. गढ्या पाहत हिंडायला याहून सोयीचे ठाणे सापडणार नाही.

गढी म्हणजे नेमके काय, हे नवख्या वाचकाला आधी सांगायला हवे. किल्ला म्हणावे तर ती फार लहान, आणि वाडा म्हणावे तर त्याला बुरूज कशाला? गावातल्या सर्वांत उंच जागी, चारी कोपऱ्यांना बुरूज असलेल्या जाड मातीच्या तटात एका वतनदार घराण्याचे राहते घर, धान्याचे कोठार, महसुलाची कचेरी आणि अडीअडचणीच्या वेळी गावाने जीव वाचवायला धावायची जागा, असे सगळे एकत्र नांदत असे, ती गढी. इंग्लंडात ज्याला मॅनर म्हणत, तो जमीनदाराचा वाडा, त्याची शेते आणि त्याचे न्यायासन मिळून झालेला कारभार, त्याच्याशी गढीचे पुष्कळ जुळते. कुठे जुळत नाही, तेही पुढे येईल.

मराठी गावाचे दोन भाग. पेरायची ती काळी आणि राहायची ती पांढरी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर कपाशी छान येते, पण तिची भिंत उभी राहत नाही. म्हणून भिंतीला माती लागे पांढरीची. ती भिजवून पायांनी तुडवायची, तीत भुसा कालवायचा, हात-दीड हात उंचीचा थर रचायचा, तो नीट वाळू द्यायचा आणि मगच त्यावर पुढचा. काही ठिकाणी मातीचे भेंडे पाडून ते रचत. तळाशी दगडी जोते, त्यावर खाली रुंद आणि वर निमुळते होत गेलेले मातीचे अंग. तोफेचा गोळा दगडी भिंतीला फोडतो, पण अशा भिंतीत तो रुतून बसतो. म्हणजे माती ही केवळ गरिबीची निवड नव्हती. दगड लागे तो दरवाज्याला, आणि तो पुष्कळदा जवळच्या पडक्या हेमाडपंती देवळाचा असे. गढीच्या चौकटीत उलटी बसवलेली एखादी कोरीव पट्टी दिसली, तर तिथे थोडे थांबावे. एका पडझडीतून दुसरी इमारत कशी उभी राहते, हे तिथे दिसते.

आत शिरताना वाट कधी सरळ नसे. मोठा दरवाजा, त्यात वाकून जायची दिंडी, आत देवडी, मग वळण, मग चौक. दाराला आतून अडसर; तो सरकवायला भिंतीत खोल भोक ठेवलेले असे आणि दार गेले, भिंत उरली, तरी ते भोक आजही दिसते. चौकाभोवती ओसरी, सोपा, माजघर. भिंतींच्या पोटात बळदे, जमिनीखाली पेवे. आड आतच, कारण वेढा पडला तर पाण्याशिवाय किती दिवस काढणार? वर धाबे: सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या, त्यावर पाला आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. दर वर्षी मृग लागण्याआधी या थरावर नवी माती टाकून तो चोपावा लागे. गढी टिकली ती या वार्षिक कामावर. मातीची भिंत वरून मरते. माथा झाकलेला असेल तर ती शतके काढते. धाबे एकदा गळायला लागले की चार-पाच पावसाळे पुरतात. म्हणून एखादी गढी केव्हा पडली असे विचारण्याऐवजी तिच्या धाब्यावर शेवटची माती केव्हा पडली, हे विचारावे. त्या प्रश्नाला गावात उत्तर मिळते.

आता गढ्या इतक्या का, आणि इथेच का? शिवकाळाच्या आधीपासून परगण्याचा देशमुख आणि देशपांडे, गावाचा पाटील आणि कुलकर्णी हे वतनदार महसूल आणि कागद सांभाळत. राज्ये बदलली, ते राहिले. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांचा राजवाडा हे या घराण्यांच्या ऐश्वर्याचे वऱ्हाडातले सर्वांत मोठे उदाहरण. जिजाऊंचा जन्म तिथला, १५९८ सालचा. बाकीच्या गढ्या त्यापुढे फार साध्या. त्यांना खरा भर आला तो १८व्या शतकात. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामाने मुबारिझखानाचा पाडाव केला आणि वऱ्हाड त्याचे झाले. पण नागपूरकर भोसल्यांचा हक्कही याच मुलखावर. हा दुअमल. दोन धनी, दोघांचे कारकून, एकच पीक. वसुलीला कोण कधी येईल याचा नेम नाही आणि मागून पेंढारी. अशा काळात ज्याच्याकडे तट आणि धान्य, त्याच्याभोवती गाव गोळा होणार, हे उघड आहे.

१८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगड इथे भोसल्यांचा पराभव झाला आणि देवगावच्या तहाने त्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेवरचा हक्क सोडला. स्वस्थता मात्र आली नाही. हैदराबादेत चंदूलालचा कारभार, महसुलाचे इजारे सावकारांना दिलेले, आणि इजारदार वसुलीला निघाला की देशमुख गढीचा दरवाजा लावून घेणार. उमरखेड-हदगावकडे नोवसाजी नाइकांनी नव्ह्याच्या गढीतून निजामाच्या फौजेला तोंड दिले. १८१९ च्या जानेवारीत वेढा घालून, तोफा लावून ती गढी घ्यावी लागली. मातीच्या गढीने फौजेला किती वेळ अडवून धरावे, याचे हे नोंदलेले उदाहरण आहे.

पण बहुतेक गढ्या तोफेने पडल्या नाहीत, आणि या पुस्तकाचे सांगणे मुख्यतः हेच आहे. गढी आधी कागदावर पडली, मग घरात, आणि शेवटी जमिनीवर.

१८५३ मध्ये निजामाने फौजेच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढच्या दशकांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. प्रत्येक वावराला नंबर, प्रत्येक नंबराला आकार, आणि तो भरायचा थेट सरकारात. देशमुखाच्या हाती वतनाचा मान आणि रक्कम थोडीफार राहिली; वसुली गेली. जिथे काही गोळा व्हायचे नाही त्या कोठाराला आणि ज्यावर कुणी हल्ला करायचा नाही त्या बुरुजाला मग कसला अर्थ? त्याच सुमारास कापसाला सोन्याचे दिवस आले, १८६७ मध्ये मुंबई-नागपूर रेल्वे पुरी झाली, आणि पैसा गढीकडून अकोला, खामगाव, अमरावतीच्या बाजारात गेला. वर्धा नदीच्या पलीकडे, नागपूर प्रांतात, मालगुजारीमुळे जमीनदाराचा वाडा आणखी ऐंशी-नव्वद वर्षे भरलेला राहिला. अलीकडे तसे झाले नाही. एकाच विदर्भातल्या वाड्यांचे आयुष्य या एका फरकाने दोन तऱ्हांचे झाले, आणि त्याकडे आजवर फारसे लक्ष गेलेले नाही.

स्वातंत्र्यानंतरचे कायदे चटकन सांगतो, कारण ते सर्वांना माहीत आहेत. १९५१ मध्ये मध्यप्रदेश सरकारने मालकी हक्क संपवले, १९६२ पासून कमाल जमीनधारणेचा कायदा लागू झाला, १९६३ च्या १ जानेवारीला मुलकी पाटीलकी गेली. हे व्हायलाच हवे होते. मला या ठिकाणी गळा काढायचा नाही. ज्या तटाआड गावाने जीव वाचवला, त्याच तटासाठी गावातल्या माणसांनी वेठीने माती वाहिली, आणि दरवाज्याबाहेर रात्र जागवणाऱ्या वेसकराला आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण ज्यांनी केली ते गढीच्या बाहेरचेच असणार. कायद्यांनी वतन संपवले. घर मात्र वाटण्यांनी संपवले. पाच भावांत चौक, मग वीस चुलत्यांत एक ओसरी. धाब्यावर माती कुणी टाकायची यावर एकमत होईना, पाऊस आला, खांब विकले गेले. आज शहरातल्या एखाद्या हॉटेलच्या दारात कोरीव सागवानी खांब दिसला की मी नकळत त्याच्या बुडाशी पाहतो. पुष्कळदा तिथे वाळवीने खाल्लेला वितभर भाग कापून टाकलेला असतो.

इंग्लंडातली गोष्ट वेगळी, तरी ओळखीची. तिथे १८९४ पासून वारसा कर वाढत गेला, महायुद्धांनी घरातली मुले आणि नोकरमाणसे नेली, आणि विसाव्या शतकात शेकडो जमीनदारी वाडे पाडले गेले. डर्बीशरमधल्या सटन स्कार्सडेलच्या हवेलीच्या खोल्यांतले लाकूडकाम १९१९ नंतर उतरवून अमेरिकेला नेले गेले. त्यातले काही फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. छप्पर नसलेली दगडी हवेली मात्र अजून उभी आहे. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या विध्वंसावर प्रदर्शन भरवले आणि लोकमत हलले. फरक इथे आहे. दगडाचा सांगाडा लोकांना शंभर वर्षे हटकत राहतो. मातीची गढी एका उन्हाळ्यात वावरात पसरून नाहीशी होते; तिला प्रदर्शन भरेपर्यंत दम नसतो.

दंतकथांच्या बाबतीत मात्र दोन्हीकडची माणसे एकाच वळणाची. ऑक्सफर्डशरमधल्या मिन्स्टर लव्हेलच्या पडक्या वाड्यात १७०८ साली एक बंद तळघर सापडले आणि त्यात मेजाशी बसलेला सांगाडा होता, तो दोनशे वर्षांपूर्वी लढाई हरून पळालेल्या मालकाचा, असे सांगतात. आमच्याकडे प्रत्येक गढीखाली भुयार असते आणि ते दूरच्या किल्ल्यात निघते. मेहकरला कंचनीचा महाल आहे. तिला वरून लोणारच्या देवीचा दिवा पाहायचा होता आणि ती दगड झाली. कारंज्यात चुन्यामातीत कस्तुरी कालवून बांधलेल्या हवेलीची आख्यायिका आहे. या कथा खोट्या म्हणून झटकू नयेत. पडके घर पाहिले की गाव त्याला एक पाप, एक ठेवा आणि एक बाई देते. या तिन्हींची निवड करताना गावाच्या मनातले खरे हिशेब बाहेर येतात. ठेव्याची कथा तेवढी जिवावर उठते. गुप्तधनाच्या हव्यासापायी रात्री खणलेले खड्डे मी जवळजवळ प्रत्येक गढीत पाहिले. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर सरकारला कळवायचा, असा कायदा १८७८ पासून आहे, हे खणणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते.

या विषयाचा अभ्यास कसा झाला? सुरुवात कागदांपासून. वि. का. राजवाडे वाड्यावाड्यांतून रुमाल सोडवत हिंडले. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड निघू लागले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. या परंपरेचे ऋण फार मोठे आहे, पण तिचे डोळे दप्तरावर होते. दप्तर ज्या कोनाड्यात ठेवलेले, तो कोनाडा तिने पाहिला नाही. वऱ्हाडात यादव माधव काळे यांनी १९२४ मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला, यवतमाळच्या शारदाश्रमात य. खु. देशपांडे यांनी हस्तलिखिते जमवली. दुसरी वाट इंग्रज अधिकाऱ्यांची. आल्फ्रेड लायल यांचे १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटिअर आजही प्रत्येकाच्या टेबलावर असते. त्यात देशमुखांच्या भांडणांची वर्णने चटकदार आहेत, आणि ती नव्या सरकारच्या सोयीची आहेत, हे विसरून चालणार नाही. त्रिं. ना. आत्र्यांचे १९१५ चे ‘गाव-गाडा’ ही तिसरी वाट, वतन आणि बलुत्याच्या यंत्राची आतून केलेली चिकित्सा. स्थापत्याकडे म. श्री. माटे यांच्या १९५९ च्या मराठा वास्तुकलेवरील इंग्रजी ग्रंथाने लक्ष वेधले. पण स्थापत्याच्या अभ्यासकांना पुण्याचे वाडे, वेरूळ-चांदवडची कामे हाताशी होती आणि मातीची गढी त्यांना अडगळीत पडली. पुरातत्त्वाचा कल त्याच्या उलट: त्याला गढी ही वरची साल वाटते, खालचा सातवाहन किंवा वाकाटक थर खरा. वाशीम ही वाकाटकांची वत्सगुल्म. १९३९ मध्ये उजेडात आलेल्या वाशीम ताम्रपटानंतर या भागाकडे पाहणाऱ्याची नजर साहजिकच खाली, दीड हजार वर्षे मागे जाते.

आणि एक वाट नाटकाची. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये रंगमंचावर आले. एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. धरणगावच्या देशपांड्यांचे घर त्यांनी अशा नेमकेपणाने उभे केले की महाराष्ट्राला वऱ्हाडी वाडा ठाऊक झाला तो बहुतांशी तिथून. त्या नाटकातल्या अंगणात एक गंजका ट्रॅक्टर उभा असतो. आज तोच ट्रॅक्टर चालू आहे आणि त्याच्या मागच्या ट्रॉलीत गढी भरली जाते आहे, हे पाहून मला दर वेळी ते अंगण आठवते. मात्र नाटकाने एक सवयही लावली. पडका वाडा म्हटले की आपण आपोआप आतल्या माणसांच्या दुःखाकडे वळतो. बाहेरच्यांना तो वाडा कसा दिसत होता, हा प्रश्न मागे पडतो.

या संग्रहाने या सगळ्या वाटा एका जागी आणायचा प्रयत्न केला आहे, आणि तो सगळीकडे सारखा साधलेला नाही. मोजमापे आणि नकाशे उत्तम आहेत. जिथे भिंतीच राहिल्या नाहीत तिथे जोत्याच्या दगडांवरून नकाशा काढला आहे आणि अंदाज कुठे सुरू होतो हे तुटक रेघेने दाखवले आहे. मोडी कागदांवरचे लेख कष्टाचे आहेत. मला सर्वांत मोलाच्या वाटल्या त्या मुलाखती: गढीत जाते ओढलेल्या बायकांच्या, बळदात उतरून धान्य काढलेल्या सालदारांच्या, देवडीवर पहारा केलेल्यांच्या मुलानातवंडांच्या. त्यांना खोल्यांची जी नावे ठाऊक आहेत ती वारसांना ठाऊक नाहीत. उणीव सांगायची तर मुसलमान जहागीरदारांच्या गढ्यांना इथे फार कमी जागा मिळाली आहे. बाळापूरचा किल्ला १७५७ मध्ये अचलपूरच्या नवाबाने पुरा केला. त्या छायेतल्या घरांशिवाय वऱ्हाडचे चित्र अर्धेच राहते. पुढच्या आवृत्तीत संपादकांनी हे भरून काढावे.

घाई कशाची, असे कुणी विचारेल. अकोल्याहून नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग याच मेडशीवरून जातो, आणि रस्ता रुंद झाला की भरावाला माती लागते, शिवाय काठच्या गावांत जागेला भाव येतो. घरकुले सिमेंटची झाली, त्यामुळे पांढरी तुडवून भिंत घालणारे हात राहिले नाहीत. एखाद्याने गढी दुरुस्त करायची ठरवली तरी करणार कोण? मोडी वाचणारे बोटांवर मोजण्याएवढे. राज्य आणि केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत गढ्या अगदी थोड्या आहेत, आणि प्रत्येक पडक्या भिंतीला सरकारने फलक लावावा अशी माझी मागणीही नाही. शेतकऱ्याने माती नेऊ नये, असे सांगायला माझी जीभ रेटत नाही. ज्यांच्या पणजोबांनी ती वाहून वर चढवली, त्यांनी ती खाली आणली तर त्यात एक जुना हिशेब चुकता होतो.

म्हणून वाचकाला एवढेच सांगतो. तुमच्या गावची गढी खणली जाणार असेल, तर ट्रॉली लागण्याआधी चारी बाजूंनी तिचे फोटो काढा आणि उत्तर कुठे ते फोटोमागे लिहून ठेवा. कापलेल्या अंगात खापर, नाणे, हाड दिसले तर ते कोणत्या थरात होते याची खूण करा. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा की कोणत्या खोलीला काय म्हणत. आणि माळ्यावर फडक्यात बांधलेले मोडी कागद रद्दीत घालू नका. वाचता येत नसतील तर या पुस्तकाच्या संपादकांना कळवा, वाचणारा ते शोधून देतील.

मेडशी